मुक्काम किती रात्रींचा?

२००७ सालच्या मार्चमध्ये न्यूझीलंडच्या किनाऱ्यावरून एक गॉडविट पक्षीण उडाली. कबुतराहून थोडी मोठी, लांब चोचीची, ओहोटीच्या चिखलातले किडे आणि शिंपले टिपून जगणारी. शास्त्रज्ञांनी तिच्या शरीरात एक छोटा प्रेषक बसवला होता आणि तिला ‘ई-७’ असं अगदी रुक्ष नाव दिलं होतं. ती उतरली ती थेट चीन आणि उत्तर कोरियाच्या सीमेवर, यालू नदीच्या मुखाशी. मधलं अंतर दहा हजार किलोमीटरहून जास्त. आठवडाभर ती अखंड पंख मारत होती. खाणं नाही, पाणी नाही. आणि गॉडविट काही बदकासारखी लाटांवर बसत नाही, त्यामुळे समुद्रात घटकाभर टेकायचीही सोय नाही.

हे उड्डाण जगभर गाजलं, आणि गाजायलाच हवं होतं. मला मात्र तिच्या उतरण्यानंतरच्या वागण्याचं जास्त नवल वाटतं. पुढं अलास्काला पोचायचं होतं, अंडी घालायची होती, आणि तिथला उन्हाळा तोकडा. तरी ही बाई यालूच्या चिखलात पाचेक आठवडे राहिली! प्रवास एका आठवड्याचा, मुक्काम पाचांचा. मगच ती अलास्काकडे निघाली. त्याच वर्षी ऑगस्टअखेर अलास्का ते न्यूझीलंड हे साडेअकरा हजार किलोमीटरचं परतीचं अंतर तिनं आठ दिवसांत, कुठंही न थांबता कापलं.

आपल्याकडे सहलीची बोलणी सुरू झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : तिथं किती दिवस लागतात? उत्तरंही तयार असतात. आग्रा एका दिवसात होतं, जयपूरला दोन द्या, अष्टविनायक दोन दिवसांत उरकतात. गाव ‘होतं’ किंवा ‘होत नाही’, जणू ते आमटीसारखं शिजायचं आहे. या हिशेबात आपण फक्त त्या ठिकाणाला विचारतो की तुझ्याकडे बघण्यासारखं किती आहे. पक्षी आणखी एक गोष्ट विचारात घेतात, आणि त्यांचं सगळं गणित तिच्यावर उभं असतं. ती म्हणजे आपण किती लांबून आलो, आणि इथून पुढं किती लांब जायचं आहे.

या गणिताला १९७६ साली एरिक चार्नोव या अमेरिकी शास्त्रज्ञानं नेमकं रूप दिलं. तो प्रवाशांबद्दल बोलत नव्हता, अन्न शोधत हिंडणाऱ्या प्राण्यांबद्दल बोलत होता. पण त्याचा सिद्धान्त समजायला उन्हाळ्यातला सह्याद्रीचा एखादा डोंगर पुरतो. करवंदं तोडायला निघालात. पहिल्या जाळीवर सुरुवातीला भराभर हाती लागतात. हाताजवळची संपली की आतली, मग काट्यांतली. मिळकत मंदावत जाते. पुढची जाळी कधी गाठायची? चार्नोव सांगतो : दिवसभराची सरासरी काढा, आणि त्यात चालण्यात गेलेला वेळही धरा. या जाळीवर मिनिटाला मिळणारी करवंदं त्या सरासरीच्या पातळीला आली की निघा. जाळी रिकामी होण्याची वाट बघू नका.

या एवढ्याशा नियमातून एक चमत्कारिक गोष्ट बाहेर पडते. जाळ्या एकमेकींपासून लांब लांब असतील तर चालण्यात वेळ जातो, सरासरी खाली येते, आणि म्हणून प्रत्येक जाळीपाशी जास्त वेळ थांबणं शहाणपणाचं ठरतं. जाळी तीच, करवंदं तेवढीच, तरी मुक्काम वाढतो. मुक्कामाची लांबी रस्ता ठरवतो.

आकड्यांत मांडून बघू. समजा, एखादं गाव पहिल्या दिवशी १० गुणांचा आनंद देतं, दुसऱ्या दिवशी ६, तिसऱ्या दिवशी ३ आणि चौथ्या दिवशी १. एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला अर्धा दिवस लागत असेल, तर एकेक दिवस राहून पुढं सरकणं फायद्याचं : दीड दिवसात १० गुण, म्हणजे दिवसाला साडेसहाच्या वर. दोन दिवस राहिलात तर अडीच दिवसांत १६, सरासरी थोडी घसरते. आता गावांमधला प्रवास दोन दिवसांचा करा. एक दिवस राहिलात तर तीन दिवसांत १०. दोन दिवस राहिलात तर चार दिवसांत १६. दुसरा सौदा उघड चांगला. प्रवास पाच दिवसांचा केलात तर तीन दिवसांचा मुक्काम सगळ्यांत किफायतशीर निघतो. गाव तसूभर बदललेलं नाही.

हे गणित फक्त कागदावर राहिलं नाही. १९७७ साली रिचर्ड काउई या संशोधकानं बंदिस्त जागेत ग्रेट टिट या चिमणीएवढ्या पक्ष्यांसाठी कृत्रिम झाडं उभारली. त्यांवर भुसा भरलेले छोटे डबे टांगले आणि भुशात अळ्या लपवल्या. डब्यांना झाकणं होती : काही सहज निघणारी, काही घट्ट. घट्ट झाकण म्हणजे लांबचा प्रवास, अशी ही युक्ती. झाकण उघडायला जितका वेळ मोडला, तितका जास्त वेळ पक्षी त्या डब्यात रमले. पुढं माणसांना पडद्यावरच्या झुडपांतून रासबेरी वेचायला लावणारा प्रयोग झाला. जेरेमी वुल्फ यांनी तो २०१३ साली प्रसिद्ध केला. माणसंही साधारण त्याच हिशेबानं झुडूप सोडत होती. कोणी कॅल्क्युलेटर घेऊन बसलं नव्हतं.

मग हा हिशेब कोण करतं? माकडांच्या मेंदूत डोकावल्यावर त्याचा एक धागा सापडला. २०११ साली हेडन, पिअर्सन आणि प्लॅट या तिघांनी दाखवलं, की मेंदूच्या पुढच्या भागात आतल्या बाजूला असलेल्या एका पट्ट्यातल्या पेशींची खळबळ प्रत्येक घासागणिक थोडी थोडी चढत जाते. ती एका ठरावीक उंचीला पोचली की माकड जागा सोडतं. आणि पुढचा प्रवास लांबचा असेल तर ती उंचीही वाढते! ‘चला, आता उठू या’ असं आपल्याला एकाएकी वाटतं, त्याच्या आधी आत कुठंतरी असं मोजमाप चाललेलं असणार, या कल्पनेनं मी अजून चकित होतो.

इथवर गणित सरळ आहे. पण गॉडविटची गोष्ट त्याला एक वळण देते.

लांबच्या उड्डाणाआधी गॉडविट अफाट खाते. अलास्काहून निघालेल्या पक्ष्यांची तपासणी झाली तेव्हा त्यांच्या वजनात निम्म्याहून जास्त नुसती चरबी निघाली. एवढं इंधन घेऊन उडायचं तर बाकीचं ओझं कमी करायला हवं. म्हणून ती स्वतःचे अवयव आकसून टाकते. आतडी, अन्न दळणारं जठर, यकृत, मूत्रपिंड, सगळं लहान. आठवडाभर खायचंच नाही, तर पचनसंस्था वाहून न्यायची कशाला! हा भाग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हा मागं जाऊन वाचला. कारण त्याचा दुसरा अर्थ असा, की पक्षी उतरतो तेव्हा समोर अन्नाचं ताट वाढलेलं असतं आणि त्याला धड जेवता येत नाही. आधी आतडी पुन्हा बांधायची, मग पोटभर खायचं. पहिले काही दिवस मुक्कामाच्या खाती जमा काहीच होत नाही. उलट खर्चच पडतो.

पोचण्याची ही किंमत माणसालाही मोजावी लागते, आणि सहलीच्या छापील कार्यक्रमात तिला एक ओळसुद्धा नसते.

पहिली रात्रच घ्या. परक्या जागी पहिल्या रात्री झोप लागत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे; आपण दोष उशीला देतो. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात मासाको तामाकी आणि युका सासाकी यांनी या झोपेचा माग काढला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं, की नव्या जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्याइतका खोल झोपत नाही. उजव्या कानाशी अनोळखी आवाज केला, की तो डाव्या मेंदूकडे पोचतो आणि माणूस लवकर जागा होतो. त्याच जागी पुन्हा झोपवल्यावर हा फरक उरला नाही. डॉल्फिन मेंदूचा एकेक अर्धा भाग आळीपाळीनं झोपवतात. रांगेत झोपलेल्या बदकांपैकी टोकाचं बदक बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवतं. आपणही, अगदी तीन तारांकित हॉटेलात दाराला कडी लावून झोपलो तरी, थोडेसे टोकाचं बदक असतो.

आता ‘सात दिवस, सहा रात्री, पाच शहरं’ ही जाहिरात पुन्हा वाचा. तीत सहापैकी पाच रात्री पहिल्याच आहेत.

देश ओलांडला की किंमत आणखी चढते. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना जिथं छेदतात त्याच्या जरा वर, सुमारे वीस हजार पेशींचं एक घड्याळ बसलेलं आहे. प्रकाश बघून ते रोज लावलं जातं. विमानानं तुम्ही दहा तासांचा फरक एका दिवसात ओलांडलात तरी हे घड्याळ साधारण दिवसाला एक तास या चालीनं सरकतं. पश्चिमेकडे जाताना जरा लवकर जुळतं, कारण माणसाचा आतला दिवस चोवीस तासांहून किंचित मोठा असतो आणि दिवस ताणणं त्याला सोपं जातं. न्यू जर्सी आणि पुणे यांच्यात हंगामानुसार साडेनऊ किंवा साडेदहा तासांचा फरक. दोन आठवड्यांच्या सुट्टीवर आलेली नातवंडं पहाटे तीनला आजीच्या स्वयंपाकघरात लाडवांचे डबे हुडकत असतात, आणि त्यांची घड्याळं जुळतात न जुळतात तोच परतीच्या बॅगा भरायची वेळ येते.

आणि लेह. तिथं घाई नुसती तोट्याची नाही, धोक्याची आहे. सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश प्राणवायू मिळतो. शरीर आधी श्वास वाढवतं. त्यानं रक्तातलं आम्ल-अल्काचं गणित बिघडतं, ते मूत्रपिंडं पुढच्या काही दिवसांत दुरुस्त करतात. तांबड्या पेशी वाढवायचा हुकूम काही तासांत सुटतो, पण त्यांची भरती व्हायला आठवडे लागतात. म्हणून मुंबईहून विमानानं लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस स्वस्थ बसा, असं डॉक्टर आणि तिथले टॅक्सीवाले दोघंही सांगतात. तीन हजार मीटरच्या वर रोजची झोपायची उंची पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, हा गिर्यारोहकांचा नियम त्यातूनच आला. ‘दोन दिवस फुकट गेले’ म्हणून कुरकुरणारे पर्यटक मी ऐकले आहेत. तुमच्या मूत्रपिंडांना विचारा, फुकट गेले का ते.

ही किंमत मघाच्या आकड्यांत घालून बघा. तेच गाव, तोच अर्ध्या दिवसाचा प्रवास. फक्त पहिला दिवस रुळण्यात गेला आणि त्याचे जेमतेम २ गुण मिळाले. मग १०, मग ६, मग ३. एका दिवसात निघालात तर दीड दिवसात २ गुण, म्हणजे दिवसाला दीडसुद्धा नाही. दोन दिवस राहिलात तर सरासरी जवळजवळ पाच. तीन दिवस राहिलात तर पाचाच्या वर, आणि हाच सगळ्यांत चांगला सौदा. मघाशी एका दिवसाचा मुक्काम सगळ्यांत शहाणपणाचा होता, आता तोच सगळ्यांत वाईट ठरला. किंमत पुरती भरायची आणि ताट वाढायच्या आत उठायचं, असा तो व्यवहार.

पोचणं स्वस्त असेल तिथं मात्र छोटे मुक्काम खुशाल करावेत. दापोलीहून गुहागर, गुहागरहून गणपतीपुळे : भाषा तीच, घड्याळ तेच, ताटात भात आणि मासा तोच. पक्ष्यांमध्येही असे टप्प्याटप्प्यानं जाणारे असतात. रात्री थोडं उडायचं, दिवसा झुडपात उतरून टिपायचं, पुन्हा उडायचं. एकच पक्षी दोन्ही तऱ्हा वापरतो हेही दिसतं. अमूर ससाणा सैबेरिया आणि उत्तर चीनमधून निघतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नागालँड-मणिपुरात मोठा तळ टाकतो. दोयांग धरणाच्या परिसरात त्यांचे थवेच्या थवे उतरतात आणि वारुळांतून बाहेर पडणाऱ्या पंखवाल्या वाळव्यांवर धष्टपुष्ट होतात. पुढं भारत ओलांडून अरबी समुद्रावरून सोमालियापर्यंतची झेप असते. हिवाळ्याच्या सुरुवातीला लोणावळ्याच्या आसपास आपल्या पक्षीनिरीक्षकांना ते भेटतात ते असे वाटेवरचे, घाईतले पाहुणे. मोठा पाहुणचार त्यांनी नागालँडमध्येच घेतलेला असतो.

म्हणजे जितका मुक्काम लांब तितकी सहल चांगली? इथं मात्र मानसशास्त्रज्ञ हात आडवा घालतात. नेदरलँड्समध्ये पंधराशेहून अधिक माणसांच्या पाहणीत, २०१० साली, सुट्टीची लांबी आणि परतल्यानंतरचा आनंद यांचा संबंध लागला नाही. त्याच देशात येसिका दे ब्लूम आणि सहकाऱ्यांनी सरासरी तेवीस दिवसांच्या सुट्टीवर गेलेल्या ५४ नोकरदारांचा माग ठेवला. त्यांचं स्वास्थ्य चढत चढत आठव्या दिवसाच्या सुमारास शिखराला पोचलं, आणि कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात मूळ पातळीवर आलं. नोबेलविजेते डॅनिएल कानेमान म्हणत, की आठवण काढणाऱ्या मनाच्या दृष्टीनं दोन आठवड्यांची सुट्टी एका आठवड्याच्या सुट्टीपेक्षा फारशी सरस नसते; दुसऱ्या आठवड्यात आठवणीत नवी भर पडत नाही म्हणून.

कानेमान यांच्या या मुद्द्याशी माझं अर्धंच जमतं. समुद्रकाठच्या रिसॉर्टमध्ये तीच खुर्ची आणि तेच शहाळं असेल, तर त्यांचं म्हणणं खरं आहे. पण गावात राहिलेल्या माणसाची मिळकत एकदा मंदावून पुन्हा चढते, असा माझा अनुभव आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बघण्यासारखं संपतं आणि जरा कंटाळा येतो. मग चहावाला न विचारता बिनसाखरेचा चहा पुढं करतो, कुठली गल्ली दुपारी सावलीत असते ते कळतं, आणि गाव दुसऱ्यांदा उघडतं. चार्नोवच्या जाळीला पुन्हा करवंदं लागत नाहीत, गावाला लागतात. अर्थात त्यासाठी मधला कंटाळा सोसावा लागतो, आणि सगळ्यांच्या रजा तेवढ्या नसतात.

रजेची अडचण नसलेल्या प्रवाशांनी हा प्रश्न कसा सोडवला होता, तेही बघण्यासारखं आहे. जैनांच्या कल्पसूत्रात महावीरांच्या हिंडण्याचा नियम नोंदलेला आहे : उन्हाळा-हिवाळ्याचे आठ महिने चालायचं, लहान गावात एक रात्र राहायचं, नगरात पाच रात्री. पावसाळ्याचे चार महिने एकाच जागी. त्यांनी राजगृह-नालंदा परिसरात चौदा पावसाळे काढले, असंही तिथं आहे. हेतू अगदी उलटा : कुठल्याही जागेचा लोभ जडू नये, पावसात पायाखाली जीव चिरडू नयेत. तरी आकडे बघा. जागा मोठी तर मुक्काम मोठा. आणि नद्यांना पूर येऊन प्रवास जवळजवळ अशक्य झाला की मुक्काम सगळ्यांत मोठा. चार्नोवनं याहून वेगळं काय सांगितलं असतं? महाराष्ट्रात जैन साधूंचे चातुर्मास आजही याच शिस्तीनं होतात. आणि ज्ञानेश्वरांची पालखी बहुतेक ठिकाणी एकच रात्र थांबते, पण दिवेघाट चढून जाणाऱ्या पुणे-सासवड या मोठ्या टप्प्याच्या दोन्ही टोकांना, पुण्यात आणि सासवडला, तिचा मुक्काम दोन-दोन रात्रींचा असतो.

तेव्हा पुढच्या सहलीचा कागद हाती आला, की त्यातली प्रेक्षणीय स्थळं नंतर वाचा. आधी प्रवासाचे तास मांडा. घड्याळ किती बदलतंय, उंची किती चढतेय ते बघा. मग एकाच उशीवर सलग किती रात्री डोकं टेकणार आहे ते मोजा. लांबून जात असाल आणि हा आकडा तीनच्या खाली असेल, तर यादीतलं एक शहर सरळ खोडून टाका. एजंट कुरकुर करेल, करू द्या.